काउलिंगची फेअरिंग: आधी आतली जागा मोजा, मग बाहेरचा आकार घडवा

घरी बांधलेल्या विमानाच्या काउलिंगवर (इंजिनावरच्या झाकणावर) फेअरिंग, म्हणजे बाहेर येणाऱ्या भागांसाठीचा निमुळता फुगवटा, बसवताना बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. हात चांगला असतो, सामान चांगलं असतं, पण इंजिन त्याच्या कायमच्या जागी स्थिरावण्याआधीच फेअरिंगच्या साच्याचा फोम कोरायला घेतला जातो. मग एक्झॉस्ट जोडल्यावर पाइप फेअरिंगला टेकतो, किंवा पहिल्यांदा इंजिन बंद करताना व्हॉल्व्ह कव्हर आतून धडकतं आणि तिथे भेग जाते.

दुसरी नेहमीची चूक रेझिनची, म्हणजे काचेच्या कापडात जिरून घट्ट होणाऱ्या द्रवाची. बडोद्याच्या आसपास रासायनिक कारखाने भरपूर, त्यामुळे एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) टाक्या आणि पाइप बनवणारे कारागीरही भरपूर. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत चौकशी केली तर सांगाल तो आकार काढून देणारा माणूस सापडतो. पण त्यातल्या बहुतेकांच्या हाताला पॉलिएस्टर रेझिनची सवय असते. ती सवय एपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनवर चालवली की तुकडा दिसायला छान आणि आतून कच्चा निघतो. विमानाच्या नाकावर असा तुकडा नको.

इथे मी उदाहरण घेतलं आहे ते आडव्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं. अशा इंजिनाची सिलिंडर हेड दोन्ही बाजूंना बाहेर येतात आणि फायबरग्लासच्या काउलिंगमध्ये मावत नाहीत, म्हणून तिथे फुगवटा द्यावा लागतो. एक्झॉस्ट किंवा कार्ब्युरेटरसाठीही पद्धत हीच. तुमच्या विमानाच्या डिझायनरने अंतरं दिली असतील तर तीच पाळा, माझे आकडे बाजूला ठेवा. आणि हे सगळं फक्त होमबिल्ट विमानाबद्दल आहे. टाइप सर्टिफिकेट असलेल्या (सरकारी मंजुरीच्या डिझाइनने कारखान्यात बनलेल्या) विमानावर यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका.

टप्पा १: इंजिन खरंच कायमच्या जागी आहे का?

फोमला हात लावण्याआधी पुढच्या गोष्टी विमानावर बसलेल्या हव्यात: इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटचे नवे रबर, पूर्ण एक्झॉस्ट, स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी कॅपसकट, सिलिंडरवरचे बॅफल (हवा वळवणारे पत्रे), ऑइल कूलरचे होज, प्रोपेलर आणि स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी). "प्लगच्या वायरी नंतर ओढू" असं म्हणून अनेक जण पुढे जातात. प्लगची कॅप ३० ते ४० मिमी बाहेर येते, आणि नेमका तोच भाग फेअरिंगच्या सगळ्यात जवळ असतो.

रबर माउंट वजनाखाली बसतात. नवीन इंजिन पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीन मिलिमीटर खाली येतं, प्रोपेलरचं वजन पुढे असल्यामुळे नाक थोडं जास्तच झुकतं. म्हणजे आज वर जेवढी जागा दिसते ती पुढे वाढेल आणि खालची कमी होईल. त्यामुळे इंजिन पूर्ण वजनासह काही आठवडे टांगलेलं राहू द्या. वेळ नसेल तर खालच्या बाजूला ३ मिमी जास्त सोडा. स्पिनर आणि काउलिंगच्या पुढच्या कड्यामध्ये सगळीकडून ६ मिमीच्या आसपास फट आहे का, तेही आत्ताच बघा. ती फट चुकलेली असेल तर काउलिंगच हलवावं लागेल, आणि काउलिंग हलली की त्यावरची फेअरिंगही सरकली.

तपासा: दोन्ही हातांनी प्रोपेलरचा हब धरून इंजिन वर-खाली आणि डावी-उजवीकडे जोर लावून हलवा. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) बंद, किल्ली खिशात, चाकांना ठोकळे. इंजिन किती हलतं ते सिलिंडर हेडजवळ पट्टी धरून दुसऱ्या माणसाला वाचायला सांगा. चालू होताना आणि बंद होताना इंजिन याहून जास्त झटका खातं.

टप्पा २: जागा मोजणे

डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. मुलांची खेळायची प्लॅस्टिसिन माती घ्या. सिलिंडर हेडचे कोपरे, व्हॉल्व्ह कव्हरचे स्क्रू, प्लगची कॅप, एक्झॉस्टचं वळण, जिथे जिथे काउलिंगच्या जवळ काही येतं तिथे मातीचे जाड गोळे चिकटवा. प्रत्येकावर प्लॅस्टिकचा छोटा तुकडा ठेवा, म्हणजे माती काउलिंगला चिकटणार नाही. आता काउलिंग हळूच जागेवर बसवून सगळे स्क्रू लावा आणि परत काढा.

दबलेल्या गोळ्यांमध्ये सुई खुपसून जाडी मोजा. काही ठिकाणी माती कागदासारखी पातळ झालेली असेल, काही ठिकाणी गोळा तसाच उभा असेल. एखाद्या ठिकाणी काउलिंग बसलंच नाही तर तिथे किती बाहेर यावं लागेल ते वेगळं मोजा. हे सगळे आकडे काउलिंगच्या बाहेरच्या बाजूला, बरोबर त्या जागी, मार्करने लिहा. कागदावर लिहिलेले आकडे हरवतात आणि कोणता कुठला हेही विसरतं.

मी धरतो ती अंतरं अशी: हलणाऱ्या इंजिनाच्या कुठल्याही भागापासून किमान १२ मिमी, प्लगच्या कॅपपासून १५, आणि एक्झॉस्टच्या पाइपपासून २५. एक्झॉस्टजवळ २५ मिळत असले तरी उष्णतेचं कवच लागतंच, ते टप्पा ९ मध्ये येईल.

टप्पा ३: सामान, आणि कशाशी काय जुळत नाही

फोम. गणपतीच्या मखरासाठी वापरतो तो दाणेदार थर्माकोल काम भागवेल, पण घासताना त्याचे दाणे उपटून निघतात आणि पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा होतो. छताच्या इन्सुलेशनसाठी निळे किंवा गुलाबी दाट पॉलिस्टायरिनचे बोर्ड मिळतात, ते उत्तम. कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे मिळणारा पिवळसर पीयू फोमही सुरेख घासता येतो.

सावधान: पीयू फोम गरम तारेने कापू नका. त्यातून विषारी वायू सुटतात. गरम तार फक्त पॉलिस्टायरिनसाठी, आणि तेही मोकळ्या हवेत.

रेझिन. एपॉक्सी घ्या. पॉलिएस्टर आणि व्हिनिल एस्टर दोन्हींमध्ये स्टायरिन असतं, आणि स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं. आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हा हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग), किंवा लॅपॉक्सची एल-१२ आणि के-६. दोन्हींचं प्रमाण वजनाने १०० भाग रेझिनला १० भाग हार्डनर.

कापड. विणलेलं ग्लास क्लॉथ, २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासचं. चॉप्ड स्ट्रँड मॅट (न विणलेल्या तुटक धाग्यांची) घेऊ नका. मॅटचे धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात, तो बहुतेक वेळा स्टायरिनमध्ये विरघळण्यासाठी बनवलेला असतो. एपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट ताठ राहते आणि वळणावर बसत नाही. कापड विकत घेताना ते एपॉक्सीला चालणाऱ्या फिनिशचं आहे का, हे विचारून घ्या.

बाकी: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, नायट्राइलचे हातमोजे, मास्क, तपकिरी पॅकिंग टेप, मेण, ८० ते ३२० नंबरचे सँडपेपर, लांब सँडिंग ब्लॉक, मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची भुकटी), कापसाचा फ्लॉक (बारीक तंतूंची भुकटी), आणि पील प्लाय (थरांवर घालून वाळल्यावर सोलून काढायचं कापड). पील प्लाय मिळालं नाही तर अस्तराचं साधं पॉलिएस्टर कापड चालू शकतं. पण त्यावर चकाकीचं किंवा सिलिकॉनचं फिनिश नको. आधी एका फालतू तुकड्यावर लावून, वाळवून, सोलून बघा.

टप्पा ४: काउलिंगमध्ये भोक

मार्करचे आकडे बघून जिथे टप्पा २ मधल्या अंतरापेक्षा कमी जागा आहे त्या भागाभोवती रेघ आखा. त्या रेघेच्या १० मिमी आतून कापा. कापलेलं परत जोडता येत नाही, घासून वाढवता येतं. एकदा कापून काउलिंग बसवा, बघा, मग हळूहळू रेघेपर्यंत या.

कोपरे कधीही टोकदार ठेवू नका, किमान १५ मिमीचा गोलावा द्या. टोकदार कोपऱ्यातून भेग सुरू होते. काउलिंग सँडविचची असेल, म्हणजे दोन थरांच्या मध्ये फोम किंवा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाळी) असेल, तर कापलेल्या कडेतून ते ५ मिमी खोल कोरून काढा आणि तिथे एपॉक्सीत कालवलेला फ्लॉक भरा. तसं केलं नाही तर त्या कडेतून तेल आत शिरतं आणि थर सुटायला लागतात.

टप्पा ५: आकार

काउलिंग विमानावरून काढली की तिचा आकार बदलतो. दोन्ही बाजू बाहेर फाकतात किंवा आत येतात, कधी १० मिमीपर्यंत. अशा फाकलेल्या काउलिंगवर फेअरिंग बनवली तर ती फाकलेल्याच आकाराची बनते. नंतर विमानावर बसवताना कडा उचललेली राहते आणि लोक ती स्क्रूने ओढून बसवतात. ओढून बसवलेली फेअरिंग काही महिन्यांत स्क्रूच्या भोकापासून फाटते. म्हणून काउलिंग विमानावर असतानाच तिची आतली रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजा, आणि काढल्यावर तेवढ्याच लांबीच्या लाकडी पट्ट्या आत ठोकून तिला त्या आकारात जखडा.

भोकावर आतून पुठ्ठा चिकटवा आणि बाहेरून फोमचा ठोकळा बसवा. ठोकळ्याची उंची म्हणजे टप्पा २ मध्ये काढलेली लागणारी उंची, अधिक सोडायचं अंतर. वरचे थर उंचीत धरू नका, ते बाहेरच्या बाजूला वाढतात.

आता आकाराचा मुद्दा, जो बहुतेक जण सौंदर्यावर सोडतात. पुढचा भाग गोलसर हवा, तो फार लांब असण्याची गरज नाही. मागचा भाग मात्र लांब हवा. मागे उतार खूप तीव्र असेल तर हवा पृष्ठभाग सोडते आणि मागे भोवरे तयार होतात. फेअरिंगचा सगळा फायदा तिथेच जातो आणि थरथर वाढते. उतार ७ अंशांच्या आसपास ठेवला की हवा चिकटून राहते. म्हणजे दर १०० मिमी लांबीला साधारण १२ मिमी उतार. फुगवटा ५० मिमी असेल तर मागची शेपटी ४०० मिमी लागेल. हा आकडा ऐकून लोक दचकतात आणि २०० मिमीत संपवतात. शेपटी लांब होऊ द्या.

एवढी शेपटी काउलिंगच्या मागच्या कडेपलीकडे जात असेल, तर फायरवॉलपाशी (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीपाशी) तिचे दोन तुकडे करा: एक काउलिंगवर, एक फ्यूजलाजवर (विमानाच्या धडावर). अखंड तुकडा केला तर काउलिंग उघडणारच नाही. वरच्या आणि खालच्या काउलिंगच्या सांध्यावरून फेअरिंग जात असेल, तर तिथेही हेच.

फुगवट्याच्या आडव्या छेदाचे तीन साचे पुठ्ठ्यात कापून घ्या: पुढचा, मधला, मागचा. एका बाजूची फेअरिंग घडवून झाली की हेच साचे उलटे करून दुसऱ्या बाजूला वापरा. नुसत्या डोळ्याने दोन बाजू सारख्या करायला गेलात तर त्या वेगवेगळ्या होतात, आणि विमानाच्या समोर उभं राहिलं की ते लगेच दिसतं.

तपासा: घडवलेला फोम संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बघा, किंवा अंधारात बाजूने टॉर्च मारा. खड्डे आणि उंचवटे सावलीत लगेच कळतात.

टप्पा ६: सुटण्याची तयारी

फेअरिंग सुटी करून स्क्रूने बसवायची आहे, म्हणून ती काउलिंगला चिकटता कामा नये. काउलिंगवर फोमच्या भोवती ६० मिमीपर्यंत पॅकिंग टेप लावा. सुरकुती पडू देऊ नका, कारण सुरकुती फेअरिंगच्या आतल्या बाजूला जशीच्या तशी उमटते. फोमवरही टेपच लावा, पट्ट्या एकावर एक ५ मिमी चढवून. टेपवर मेणाचा एक पातळ हात पुरे.

टप्पा ७: थर घालणे

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून इथे घाई नको.

आधी कापड कापून ठेवा. फेअरिंगचं क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर असेल तर २०० ग्रॅमच्या कापडाचे चार थर म्हणजे ९६ ग्रॅम कापड. हाताने काम करताना कापडाच्या वजनाएवढंच रेझिन लागतं, म्हणजे साधारण ९६ ग्रॅम मिश्रण. याहून जास्त लागत असेल तर तुम्ही ते नीट पिळून काढत नाही आहात. जास्तीचं रेझिन ताकद वाढवत नाही, फक्त वजन आणि ठिसूळपणा वाढवतं. चार थरांची जाडी जेमतेम १ मिमी होते, आणि ती पुरते. कडेच्या पट्टीवर, जिथे स्क्रू येणार, तिथे आणखी दोन थर घाला.

सगळे थर ४५ अंशांत कापा. तिरपं कापलेलं कापड गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. दोन थर एका दिशेने आणि दोन दुसऱ्या, हा विचार इथे करू नका, या आकारावर तो निरुपयोगी आहे.

आता प्रमाण. कारागीर जवळ उभा असेल तर हमखास म्हणतो, "साहेब, थोडं हार्डनर वाढवू का, लवकर सेट होईल." पॉलिएस्टरमध्ये ते खरं आहे, कारण तिथे घालतो तो कॅटॅलिस्ट, तो कमी-जास्त केला की वेग बदलतो. एपॉक्सीत हार्डनरचा प्रत्येक कण रेझिनशी जोडला जातो. जास्त घातलेला हार्डनर न जोडलेला तसाच राहतो, तुकडा मऊ आणि उष्णतेत ढिला होतो. कमी घातला तरी तेच. त्याला शांतपणे सांगा, "दादा, इथे शंभराला दहा म्हणजे दहाच." आणि काट्यावर तुम्ही स्वतः मोजा.

एका वेळी ५० ग्रॅमच कालवा: ४५.५ ग्रॅम रेझिन, ४.५ ग्रॅम हार्डनर. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर ४.५ ग्रॅम मोजायला गेलात तर अर्ध्या ग्रॅमची चूक सहज होते, आणि ती ११ टक्क्यांची चूक आहे. म्हणून ०.१ ग्रॅमचा काटा सांगितला. दोन मिनिटं कालवा, डब्याच्या कडा आणि तळ खरवडून, मग दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून परत एक मिनिट. कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओता. उंच डब्यात ठेवलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं.

बडोद्याच्या मे महिन्यात हे फारच लवकर होतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की काम करायचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. सकाळी सहाला सुरुवात करा आणि दहाच्या आत संपवा. पावसाळ्यात वेगळा प्रश्न, त्याबद्दल पुढच्या टप्प्यात.

क्रम असा: टेपवर रेझिनचा पातळ हात, मग पहिला थर, ब्रशने टोचत टोचत भिजवणे. कापड पांढरं दिसतंय तोवर भिजलेलं नाही, पारदर्शक झालं की भिजलं. चमकत असेल किंवा थेंब साठत असतील तर जास्त झालं, प्लॅस्टिकच्या पट्टीने पिळून काढा. तसाच दुसरा, तिसरा, चौथा, मग कडेचे दोन. सगळ्यात वर पील प्लाय आणि परत पट्टी फिरवा. पील प्लाय जास्तीचं रेझिन शोषतं आणि पृष्ठभाग खडबडीत ठेवतं, म्हणजे पुढे फिलर (खड्डे बुजवणारा लेप) चांगला धरतो.

थरांच्या मध्ये थांबू नका. चारही थर एकाच बैठकीत, रेझिन ओलं असतानाच.

सावधान: हा हार्डनर त्वचेला लागत राहिला तर अॅलर्जी होते, आणि एकदा झाली की आयुष्यभर राहते. हात ॲसिटोनने धुऊ नका, साबण वापरा. घासताना काचेची धूळ उडते, तेव्हा मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

टप्पा ८: वाळणे, काढणे, आणि तो चिकट थर

किमान २४ तास हात लावू नका. मग पील प्लाय सोला, कडा मार्करने आखा आणि तुकडा हळूच उचला. नख अजून रुततंय असं वाटलं तर आणखी एक दिवस थांबा.

पावसाळ्यात, जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड अमाइन हार्डनरशी मिळून पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा तयार करतात. बोट फिरवलं की ते थोडं अडखळतं, साबण लागल्यासारखं वाटतं, आणि उजेडात तुकडा धुरकट दिसतो. हा थर सँडपेपरने घासू नका. घासल्याने तो निघत नाही, तर सगळीकडे पसरतो आणि रंध्रांत शिरतो, मग वरचा फिलर आणि रंग सालपटासारखा सुटतो. आधी कोमट पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, स्वच्छ पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच घासा. पील प्लाय लावलेला असेल तर तो सोलताना बहुतेक पापुद्रा त्याच्याबरोबर जातो, पण आतली टेपची बाजू तरीही धुवा.

खोलीच्या तापमानाला वाळलेलं एपॉक्सी इंजिनाच्या उष्णतेत मऊ पडू शकतं. म्हणून पोस्ट-क्युअर करा, म्हणजे वाळलेला तुकडा हळूहळू तापवा. फोम काढून टाका, फेअरिंग काउलिंगवर किंवा लाकडी आकारावर पकडून ठेवा, नाहीतर ती गरम असताना वाकते. प्लायवुडच्या पेटीत हीटर आणि थर्मामीटर ठेवून तापमान तासाला १० अंशांपेक्षा जास्त वेगाने वाढवू नका. ६० अंशांवर काही तास, मग ८० अंशांवर दोन-तीन तास. रेझिनच्या माहितीपत्रकात वेगळं सांगितलं असेल तर तेच करा.

टप्पा ९: बसवणे, उष्णतेचं कवच, निचरा

फेअरिंग जागेवर ठेवून आतून सगळीकडे कडा टेकली आहे का, ते कागदाची पट्टी सरकवून बघा. विशेषतः पुढची कडा. पुढची कडा उचललेली असेल तर वाऱ्याचा झोत तिच्याखाली शिरतो आणि अख्खी फेअरिंग फुगवतो. फटी असतील तर फेअरिंगच्या आतल्या कडेवर फ्लॉक लावून, काउलिंगवर टेप ठेवून, ती दाबून वाळू द्या. स्क्रूने ओढून फट बुजवू नका.

भोकं पाडताना मागे लाकडाचा तुकडा ठेवा, वर टेप लावा, दाब देऊ नका. आधी सगळी भोकं २.४ मिमीची, प्रत्येक भोकात क्लेको (तात्पुरती पकडणारी पिन) घालत. पुढच्या कडेच्या मधून सुरू करा, मग आलटून पालटून दोन्ही बाजूंना मागे जा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेलात तर शेवटी कापडासारखी सुरकुती उरते. पुढच्या कडेला ६० मिमीवर एक स्क्रू, बाजूंना ८० ते ९०. भोकाचा मध्य कडेपासून किमान १२ मिमी आत.

मग भोकं ४ मिमीची करा. काउलिंगच्या आतून नट प्लेट (जागेवर पक्का राहणारा, पट्टीवरचा नट) रिव्हेट करा, आणि वर चपट्या डोक्याचा स्क्रू कप वॉशरसह. फायबरमध्ये थेट सेल्फ-टॅपिंग स्क्रू लावू नका. ते थरथरीने ढिले होतात, आणि विमानाच्या नाकावरून सुटलेला स्क्रू काचेवर किंवा शेपटीवर आदळतो.

एक्झॉस्टच्या समोर येणाऱ्या आतल्या भागावर स्टेनलेसचा पातळ पत्रा लावा, फेअरिंगपासून ६ मिमी तरी उचलून, मध्ये हवा राहील असा. नुसता अॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेला सिरॅमिक ब्लँकेटही चालतो, पण त्याच्या कडा उघड्या ठेवू नका. तेल शिरलेलं ब्लँकेट आग धरतं. कडा फॉइल टेपने बंद करा.

फेअरिंगच्या सगळ्यात खालच्या जागी ६ मिमीचं निचऱ्याचं भोक पाडा. विमान जमिनीवर उभं असताना जी जागा खाली येते ती, उडताना येते ती नव्हे. तिथे तेल किंवा पेट्रोल साठता कामा नये.

टप्पा १०: फिलर आणि रंग

एपॉक्सीत मायक्रोबलून कालवून लोण्यासारखं घट्ट करा आणि पातळ थरात लावा. लांब ब्लॉकने, ८० नंबरपासून ३२० पर्यंत. मध्ये एकदा काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारा आणि घासा. काळं जिथे राहिलं तिथे खड्डा आहे. जाड फिलरने आकार घडवू नका, तो टप्पा ५ मध्येच घडला पाहिजे.

रंग पांढरा द्या. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या विमानाचा गडद पृष्ठभाग भाजण्याइतका तापतो, आणि एपॉक्सीला त्याची गरज नाही.

रंगवून झाली की फेअरिंग, स्क्रू आणि पत्रा यांचं एकत्र वजन करा. दोन बाजूंच्या मिळून ६०० ग्रॅम असतील तर ते विमानाच्या अगदी पुढे आहेत. वजन आणि समतोलाच्या तक्त्यात तो आकडा अंतरासकट भरा. प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि रेझिनचे बॅच नंबर बिल्डर लॉगमध्ये लावा, तपासणीला येणारा अधिकारी नेमकं तेच विचारतो.

टप्पा ११: इंजिन चालवून बघणे

व्हॉल्व्ह कव्हरच्या बाहेर आलेल्या प्रत्येक कोपऱ्यावर लिपस्टिकचा जाड ठिपका लावा. फेअरिंगच्या आत, एक्झॉस्टजवळ आणि सिलिंडर हेडजवळ, तापमान दाखवणाऱ्या रंग बदलत्या पट्ट्या चिकटवा. इंजिन तीन-चार वेळा चालू करा आणि बंद करा. नुसतं चालवून भागणार नाही, धक्का बसतो तो चालू होताना आणि बंद होताना. फेअरिंग काढा. आतल्या बाजूला लिपस्टिकचा डाग उमटला असेल तर ती टेकते आहे. तिथली जागा वाढवल्याशिवाय उडू नका.

तापमानाची पट्टी इंजिन बंद केल्यानंतर अर्ध्या तासाने वाचा. चालू असताना आत हवा वाहत असते. बंद झाल्यावर ती थांबते आणि साठलेली उष्णता वर चढते, तेव्हाच फेअरिंगला सगळ्यात जास्त ताप लागतो. आकडा ८० अंशांच्या जवळ गेला असेल तर कवच वाढवा.

फेअरिंग लावून केलेल्या पहिल्या उड्डाणात सिलिंडर हेड आणि तेलाचं तापमान लिहून ठेवा आणि फेअरिंगशिवायच्या आकड्यांशी ताडून बघा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशामुळे काय झालं ते कळेल. पहिल्या तासानंतर प्रत्येक स्क्रू तपासा, मग पाच तासांनंतर, मग दहा. स्क्रूच्या भोकाभोवती पांढरट वर्तुळ दिसलं तर तिथले थर सुटायला लागले आहेत. तो भाग ८० नंबरने घासा, आतून दोन थर घाला आणि भोक नव्याने पाडा.